माग्दालेनाचे केस

८ जानेवारी २०२५

कारिदाद,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहावं असं सिस्टर बेनिग्नांनी आपल्याला शिकवलं होतं. सिस्टर आता नाहीत, तेव्हा तो शब्द मी वाचवते. फोनवर मी तुला बंद करून ठेवलं आहे, आणि भांडण अंगठ्याने लिहायची मला सवय नाही. म्हणून हे कुरियर.

कळवायचं ते एवढंच, की येत्या राखेच्या बुधवारी, ५ मार्चला, उपासाचे दिवस सुरू होतील तेव्हा, मी माझे केस कापून आपल्या घरच्या संत माग्दालेनाच्या मूर्तीला वाहणार आहे. तिच्या डोक्यावरचा टोप, म्हणजे तुझे केस, आता संपले. कसर लागली आहे. गेल्या गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत चर्चच्या वळणावर रथाला हिसका बसला, तिच्या कानामागची एक बट सुटून खाली पडली आणि रथ ढकलणाऱ्या कुणाच्या तरी चपलेला चिकटून गेली. सगळ्या गावाने पाहिलं. पन्नास वर्षं टिकले, खूप झालं. तुझे असले तरी शेवटी केसच ते.

तू म्हणशील, मूर्ती माझ्या नावावर आहे, मला विचारलंस का? मी विचारत नाही, कळवते आहे. आईने मरताना मूर्ती तुला दिली, कारण घरातल्या ज्या मुलीचे केस माग्दालेनाच्या डोक्यावर, तिची माग्दालेना, असा तिचा नियम होता. तिच्या सासूचाही होता म्हणे. माझ्याकडे तेव्हा केस म्हणावेत असं काही नव्हतं. तू विनिपेगच्या बर्फात बसून मालकीण झालीस आणि मी इथे तिची मोलकरीण. तिच्या जांभळ्या मखमलीला ऊन दाखवायचं मी, तिच्या हस्तिदंती बोटांमधली धूळ कुंचल्याने काढायची मी, रथावरच्या दिव्यांसाठी जनरेटरवाल्याची मनधरणी करायची मी, ढकलणाऱ्या पोरांना नारळाच्या दुधातली बिनिग्नितची खीर रांधून वाढायचं मी. आणि काळी ओढणी घेऊन मी रथामागे चालायला लागले की लोक विचारतात काय? "कारिंग यंदाही नाही आली?"

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले त्या दिवसापासून मी केसांना कात्री लावलेली नाही. कारखान्यात टोपीखाली कोंबलेले ते केस, पन्नाशीनंतर कुणास ठाऊक कशाने दाट व्हायला लागले. आता कमरेच्या खाली जातात. पांढरे आहेत, पण पांढऱ्यावर तांबूस रंग उत्तम बसतो असं रोल्डान म्हणतो. रोल्डान म्हणजे बाजारातला पार्लरवाला, गावातल्या सगळ्या संतांचे टोप तोच बांधतो. केस बघायला आला तेव्हा ओठांना लाली लावून आला होता आणि माझ्याभोवती फिरून म्हणाला (मी आता सगळ्या बाजाराचीच थोरली बहीण), "मानांग, हे इतकी वर्षं कुठे लपवलं होतंत? तुमच्या जिभेच्या भीतीने कुणी वर बघितलंच नाही."

परवा तीन राजांच्या सणाला, रिवाजाप्रमाणे, त्याने नारळाचं तेल चोपडून माझी वेणी घातली आणि डोक्याभोवती गुंडाळून पिना मारल्या. आता राखेच्या बुधवारपर्यंत ती उघडायची नाही, विंचरायची नाही. आईने तुझी घातली होती तशीच. डिसेंबरात मला डासांचा थोडा ताप येऊन गेला, त्यावरून रोल्डान उगाच कुरकुर करत होता. "मानांग, ऐका माझं, आत्ताच कापू. तापातून उठलेल्या बाईच्या केसांचा भरवसा नसतो."

मी म्हटलं, "माग्दालेनाचे केस राखेच्या बुधवारी कापतात. तुझ्या सोयीने नाही."

तर हे असं आहे. तू येण्याची तसदी घेऊ नकोस.

एस्कोलास्तिका


१० फेब्रुवारी

कारिदाद,

आज माझा वाढदिवस. तुझ्या शुभेच्छा आपल्या चुलतबहिणीच्या, बेबोतच्या फोनवरून आल्या. पोपचं पत्र आल्यासारखी धावत आली ती. मी तोंडात शेवयांचा घास घेतलेला, आणि तिने तो फोन माझ्या नाकासमोर धरला.

"बघ तरी, तिका. कारिंगने व्हिडिओ पाठवलाय. चर्चच्या हॉलमध्ये गातेय. केस बघ तिचे. सहासष्टीची आहे म्हणून कुणाला खरं वाटेल?"

"मला वाटेल," मी म्हटलं. "ती जन्मली तेव्हा मी घरात होते."

बघितलं मी. मोकळे सोडलेस. थंड देशात, जिथे शहाणी माणसं डोक्याला लोकर बांधून बसतात, तिथे तू ते पाठीवर पसरून उभी राहिलीस, आणि मागे दोन बायका गाणं सोडून त्यांच्याकडेच बघत होत्या. रंग लावतेस हे कपाळापाशी कळतं, एवढं सांगून ठेवते.

बेबोतने तुला म्हणे कळवलं की मी मरता मरता वाचले. बेबोतला अंत्ययात्रांची हौस आहे. डेंग्यू होता, नाताळच्या आधीचा, अर्ध्या गावाला झाला. बाकोलोदच्या इस्पितळात पडून होते, चर्चमधल्या पहाटेच्या मिसा बुडाल्या, पासिंगने लपवून आणलेला पपईच्या पानांचा रस प्याले आणि परत आले. ताप उतरला तेव्हा अंगभर लाली उठली. छातीपासून घोट्यापर्यंत लाल, आणि त्या लालीत मधे मधे पांढरी बेटं, शाळेच्या भिंतीवरच्या आपल्या देशाच्या नकाशासारखी. मग तळहात आणि तळपाय असे खाजायला लागले की मी रात्री दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर हात घासत बसायचे. शेवटी तळव्यांची साल निघाली. आता बरी आहे.

पासिंग मला डोक्यावर पाणी घेऊ देत नाही. "आजारातून उठलेल्या माणसाने डोकं भिजवलं की दुखणं उलटतं. तुमची शाळा तुमच्यापाशी ठेवा." माझ्या घरात स्वयंपाक करणारी बाई मला, कारखान्याच्या मुख्य रसायनशास्त्रज्ञ बाईला, हे सांगते. आणि मी ऐकते, कारण वेणी तशीही उघडायची नाहीये.

खाजत पडलेली असताना मला गोवर आठवला. तुला आठवत नसेल, तू सहा वर्षांची होतीस. दोघींना एकाच आठवड्यात झाला, एकाच पलंगावर, खिडक्यांना लाल कापड लावून. तुझा ताप जास्त होता म्हणून आईने माग्दालेनाला नवस बोलला: पोर वाचू दे, तिचे केस वाढवून तुला वाहीन. पोर. एकवचन. मी त्याच पलंगावर होते, कारिंग, भिंतीकडच्या बाजूला.

तू उठलीस ती उकडून सोललेल्या अंड्यासारखी. माझ्या अंगावर काळे डाग राहिले, आणि पुढच्या महिन्यात केस गळायला लागले. उशीवर, पावावर, सिस्टर बेनिग्नांच्या वहीवर. आईने काय केलं? कात्री घेतली आणि मुळापासून कापले. म्हणाली, याने दाट येतील. मग रोज संध्याकाळी जिन्यावर बसून तुझे विंचरायची, नवसाचे म्हणून, पायरी पायरीने खाली येत, कारण ते तेवढे लांब झाले होते. मी अभ्यास करायचे. म्हणून तर वर्गात पहिली आले. कुणीतरी केसांवर जगायचं, कुणीतरी डोक्यावर.

यंदा जिना माझा आहे.

एस्कोलास्तिका


६ मार्च

कारिदाद,

केस अजून कापलेले नाहीत. काल रोल्डान आला होता, पण त्याला घाई होती, पवित्र आठवड्याआधी त्याच्याकडे फार काम असतं, तेव्हा मीच म्हटलं राहू दे. एक-दोन आठवडे इकडेतिकडे झाले म्हणून काही बिघडत नाही.

मी घरातही डोक्याला ओढणी बांधून असते. उपासाचे दिवस आहेत, शोभतं. न्हाणीघराची मोरी तुंबली होती ती मोकळी करून घेतली. पासिंग गावभर काही सांगत असेल तर तिच्याकडे लक्ष देऊ नये.

तू नर्स होतीस म्हणून विचारते, माझ्यासाठी नाही, शेजारच्या एका बाईसाठी. डेंग्यू होऊन गेल्यावर अडीच-तीन महिन्यांनी केस जातात का? आणि गेलेले थांबवता येतात का? उत्तर बेबोतच्या फोनवर देऊ नकोस. कागदावर दे.

ए.


२१ मार्च

कारिदाद,

कागदावर दे म्हटलं होतं. तू बेबोतच्या फोनवर दिलंस, आणि बेबोतने ते पॅरिशच्या बायकांसमोर मोठ्याने वाचलं. आता गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे की शेजारची बाई म्हणजे मी. तेव्हा लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

राखेच्या बुधवारी सकाळी मी मिसेवरून आले, कपाळावर राख तशीच. रोल्डान आधीच येऊन बसला होता. पासिंगने माग्दालेनासमोर मेणबत्ती लावली. मी खुर्चीत बसले, पाठ ताठ, सिस्टरनी शिकवली तशी. त्याने पिना काढल्या, वेणी खाली आली आणि तो म्हणाला, "वाह, मानांग, सापच आहे." मग त्याने ती सोडवली आणि फणी घातली.

फणी अडली नाही. इतक्या आठवड्यांचा गुंता, तेलाने चिकटलेला, आणि फणी लोण्यातून जावी तशी गेली. केस तिच्याबरोबर गेले. दुसऱ्यांदा घातली, पुन्हा गेले. ते मुळांपासून कधीच सुटले होते, कारिंग. वेणीत नुसते एकमेकांना धरून बसले होते, आणि मी तो भार डोक्यावर मिरवत होते.

रोल्डानने फणी खाली ठेवली. मग म्हणाला, "मानांग, हलू नका."

"मी हललेलीच नाही," मी म्हटलं.

आरशात मला माझं डोकं दिसलं. भांग नाही, रस्ता दिसला. पासिंग क्रूसाची खूण करत होती. "मी तर एक थेंब पाणी लागू दिलं नव्हतं," ती म्हणाली, "माझ्यावर यायला नको."

मी दोघांना बाहेर काढलं. रोल्डान जाताना सुटलेले केस मुळाकडच्या बाजूला दोऱ्याने बांधून कपाटावर ठेवून गेला. मी माग्दालेनासमोर बसले. मला काय वाटलं ते सांगते, तू हसणार असशील तर हस. मला वाटलं, तिने नाकारले. नऊ वर्षांची वाढ पुढे केली, आणि तिने वास घेऊन ओळखलं की हे कारिंगचे नाहीत.

बाकोलोदला एका डॉक्टरणीला भेटले. तिशीची मुलगी, स्वतःच्या डोक्यावर भरगच्च केस. म्हणाली, मोठ्या तापाने केस दचकतात, सगळे एकदम रजेवर जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. त्वचेवर लाली उठली होती ना, तसंच हे, आजाराचा शेवटचा हप्ता. कुठलंही तेल उपयोगाचं नाही. सहा महिन्यांत परत यायला लागतील.

"गुड फ्रायडे पाच आठवड्यांवर आहे," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मग तोवर टोप घाला, मॅडम. आजकाल छान मिळतात." तिला वाटलं मी माझ्या डोक्याबद्दल बोलते आहे.

घरी येऊन मी रोल्डानला बोलावलं आणि उरलेले कापायला सांगितले, आहेत तेवढे, गळायच्या आत. त्याने कापले. आधीचे आणि हे मिळून टेबलावर मांडले, रंगवले, आणि गेले दहा दिवस एकेक केस जाळीत ओवतो आहे. मागची बाजू होते, दोन्ही कडा होतात. माथा होत नाही. माथ्यावर जाळीच दिसते.

"आणखी लागतील," तो म्हणाला. "सेबूहून विकत आणू का? कुणाला कळतंय?"

"मला कळेल. घरातल्या बाईचे लागतात."

"मग असं करू, माथा तसाच ठेवू आणि यंदा तिला संत पेत्र म्हणून फिरवू. त्याला टक्कल असतंच. हातात त्याचा तो कोंबडा देऊ."

मी त्याला झाडू फेकून मारला. लागला नाही.

आणि आता तुझा निरोप. बेबोत सांगते, "कारिंग म्हणते मानांगने काळजी करू नये, मी माझे कापून पाठवते. बिचारीचं मन किती मोठं." बिचारी. गावातल्या बायकांनी डोळे पुसले म्हणे. माझं डोकं उघडं पडलं तेव्हा कुणी पुसले नाहीत.

नको. ऐकतेस? पाठवू नकोस. मला तुझे केस नकोत, तुझं मन नको. एकदा वाहिलेस, मूर्ती मिळवलीस. दुसऱ्यांदा वाहशील आणि मी मरेपर्यंत तुझ्या मूर्तीची झाडलोट करत राहीन. माग्दालेना यंदा माझी झाली नाही तर कधीच होणार नाही, कारण पुन्हा नऊ वर्षं मी कुठून आणू?

एस्कोलास्तिका


३ एप्रिल

कारिदाद,

पाठवलेसच.

पासिंगने पार्सल उघडलं. मी उघडणार नव्हते. आत पातळ कागद, त्यात वेणी, दोन्ही टोकांना निळी रिबीन. पासिंगने ती हातात घेतली आणि म्हणाली, "अजून मऊ आहे हो." मग मला दिली. नको म्हणायच्या आत ती माझ्या हातात होती.

जड आहे. मला कल्पना नव्हती. लहानपणी मला कधी हात लावू दिला नव्हता, नवसाचे म्हणून. एकदा तू झोपलेली असताना मी तुझी वेणी माझ्या खांद्यावरून पुढे घेऊन आरशात बघितलं होतं. आई आली आणि माझ्या हातावर चापट मारली. तुला जागही आली नाही.

चिठ्ठी वाचली. "मानांग, हे तिच्या माथ्याला लाव. मूर्तीचं काय करायचं ते तू ठरव. मला इथे काय करायची आहे?" एवढंच. पन्नास वर्षांचे केस कापून दिलेस आणि मूर्तीही अशी देऊन टाकलीस, जशी आपण जुनी छत्री देतो. तुला काय करायची आहे, खरंच. तुला ती कधी हवीच नव्हती. मला हवी होती, सबंध आयुष्य, आणि तू तिला हातही न लावता ती स्वतःच्या नावावर ठेवलीस.

बेबोत आली होती. "आता झकास होईल. खाली तुझे, वर कारिंगचे. दोघी बहिणी एका डोक्यावर. फादर प्रवचनात सांगणार आहेत."

"फादरांनी ख्रिस्ताबद्दल सांगावं," मी म्हटलं.

"तुझं असंच. ती एवढं करते आणि तू..."

"मी काय? बोल."

"काही नाही. डोक्याला वारा लागू देऊ नकोस."

म्हणजे माथ्यावर तुझे आणि खाली माझे. म्हणजे दिव्यांचा उजेड ज्याच्यावर पडतो ते तुझे, आणि पाठीमागे मखमलीला घासत जाणारे माझे. रथ वळला की गावाने काय म्हणायचं हे मला आत्ताच ऐकू येतं.

मी काय करणार आहे ते ठरवलं आहे. तुला विचारून करणार नाही. तूच लिहिलंस, तू ठरव.

तुझ्या केसांना रंगाचा वास येतो. एवढं मात्र खरं निघालं.

ए.


२० एप्रिल, ईस्टर

कारिंग,

बेबोतने तुला फोटो पाठवले असतीलच, आणि तुला काही समजलं नसेल. म्हणून मीच सांगते.

वेणी घेऊन मी दुसऱ्या दिवशी रोल्डानकडे गेले, स्वतः, ओढणी बांधून. पार्लरमध्ये दोन बायका केसांना कागद लावून बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, बाहेर जा. गेल्या. मग रोल्डानपुढे वेणी ठेवली.

"बांध याचा टोप."

"माथ्याला ना? दोन दिवसांत ओवतो."

"माग्दालेनाला नाही. मला."

त्याने आधी वेणीकडे बघितलं, मग माझ्या डोक्याकडे. मग त्याने पार्लरचं दार आतून लावलं. "मानांग," तो म्हणाला, "देवाचा टोप हाताने ओवावा लागतो. माणसाचा मशीनवर शिवता येतो. गुड फ्रायडेच्या सकाळी न्या." आणि मग, माप घेताना, "तुम्ही दुष्ट आहात हे मला माहीत होतं. इतक्या हुशार आहात हे नव्हतं."

तर माग्दालेना गुड फ्रायडेला बाहेर पडली ती माझे केस घेऊन. निव्वळ माझे. माथा उघडा ठेवता येत नव्हता, म्हणून मी तिला आईची काळी लेसची ओढणी कपाळापर्यंत घातली. ओढणीखालून केस निघाले ते गुडघ्यापर्यंत तांबूस, विरळ आहेत पण लांब आहेत, आणि वाऱ्यावर हलले. तुझे कधी हलायचे नाहीत, फार दाट होते. बायका कुजबुजल्या. यंदा माग्दालेनाने डोकं का झाकलं? बेबोत म्हणाली, "शोक आहे म्हणून असेल." असू दे. आईचा नियम पाळला गेला. मूर्ती माझी आहे आणि ती मला तू दिलेली नाही, हे लिहून ठेव.

आणि मी तिच्या मागे चालत होते, तुझे केस घालून. मोकळे सोडले होते. ओढणी घेतली नाही.

सुरुवातीला मला वाटलं, सगळे हसतील. कुणी हसलं नाही. लोक बाजूला होत होते. रस्त्याच्या कडेला मेणबत्त्या घेऊन उभे असलेले पुरुष रथ सोडून माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे, कारिंग, एकोणसत्तर वर्षांच्या बाईकडे, जिच्याकडे तिच्या विशीतही कुणी वळून बघितलं नाही. मी मान ताठ ठेवली. ती ठेवावीच लागते, इतके जड आहेत ते. मानेवर घामाच्या धारा, जाळी टाळूला टोचते, डेंग्यूनंतर माझी कातडी अजून हळवी आहे आणि कानामागे पुरळ उठलं. चर्चच्या वळणापर्यंत माझी मान दुखायला लागली होती. तू हे रोज कसं वागवत होतीस? आणि कधी बोलली नाहीस. की बोलली होतीस, आणि मला ती फुशारकी वाटली?

वळणावर बेबोतची सासू खुर्ची टाकून बसली होती. तिला आता नीट दिसत नाही, नव्वदीची झाली. रथ पुढे गेला तशी तिने हात पुढे केला, मी वाकले, आणि तिने माझ्या गालाला गाल लावला. मग केसांवरून हात फिरवला, वरून खालपर्यंत, आई विंचरायची तसा.

"कारिंग," ती म्हणाली. "कधी आलीस गं?"

मी सांगू शकले असते. मागे बेबोत उभी होती, तिने तोंड उघडलंही होतं.

"कालच आले," मी म्हटलं.

"बरं केलंस. तुझ्या मानांगला भेटलीस का? आजारी होती. फार खडूस आहे, पण तुझी आठवण काढते."

"भेटले," मी म्हटलं. "बरी आहे ती."

मग रथ पुढे निघून चालला होता, मला जावं लागलं.

टोप मी आता ठोकळ्यावर ठेवला आहे, खिडकीपाशी, वारा लागतो तिथे. परत मागू नकोस. डॉक्टरीण म्हणते ऑक्टोबरपर्यंत माझे थोडे थोडे येतील. कालपासून कपाळापाशी काहीतरी खरखरीत लागतं आहे, पासिंग म्हणते भास आहे, मी म्हणते तिने चष्मा लावावा. तोवर मात्र तू इकडे येऊ नकोस. आपण दोघी एका रस्त्यावर दिसलो तर त्या म्हातारीपुढे माझी पंचाईत होईल.

ऑक्टोबरनंतर यायचं असेल तर ये. जिन्याकडची खोली झाडून घेते. तुझेही तेव्हा आखूडच असतील, फार तर मानेइतके.

तुझी मानांग,
तिका